फसवणुकीचा सराव

सुलूबाई चुरींच्या पत्राला नरहरी राऊतांनी उत्तर दिलं नव्हतं, याला आता चार महिने होत आले होते.

पत्र तसं लहान होतं. पालघरचं घर आवरून सुलूबाई जानेवारीच्या बावीस तारखेला बडोद्याला, मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. ‘पुस्तकांची दोन कपाटं आहेत,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘ती वाचनालयाला नाही, तुम्हाला द्यायची आहेत. न्यायला स्वतः या. बोईसरच्या शाळेत तुम्ही ग्रंथपाल आणि मी शिक्षिका, पुढे मुख्याध्यापिका, अशी आपण सव्वीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत तुम्ही माझ्याशी “पुस्तक सोमवारी परत करावे” याच्या पलीकडे काही बोलला नाहीत. जाण्यापूर्वी एकदा बोलून घेऊ. येणार असाल तर आधी कळवा. मी एकटी राहते, न कळवता आलेल्या माणसाला दार उघडत नाही.’

कळवायचं, एवढंच काम होतं आणि नरहरींना तेवढंच जमत नव्हतं. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात साडेतीन पानं कपाटांना लागणाऱ्या वाळवीबद्दल होती. तो त्यांनी फाडला. सहाव्या मसुद्यात नुसतं ‘पत्र मिळाले’ असं लिहिलं, ते सरकारी वाटलं. अकराव्यात ‘कधी येऊ?’ असं विचारलं, ते एकाहत्तराव्या वर्षी अधीरपणाचं वाटलं. मग त्यांना अशी शंका आली की सुलूबाईंच्या मनात दुसराच कोणी नरहरी असेल. दुसरा नरहरी शाळेत नव्हता, तरी ही शंका पंधरा दिवस टिकली. पत्र शर्टाच्या खिशात राहायचं. एकदा ते शर्टाबरोबर धुतलंही गेलं, पण सुलूबाईंची शाई पक्की निघाली.

अशात एके दिवशी नागोराव आले.

नागोराव हे घिवलीच्या सागरतीर वाचनालयाचे अध्यक्ष. पस्तीस वर्षांपूर्वी परभणीकडून ते एका कंत्राटदाराकडे सुरक्षेचे मुकादम म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. नोकरी संपली, पण गळ्यातली शिट्टी राहिली. घिवलीच्या शेजारी अणुवीज प्रकल्प असल्यामुळे गावाला आणीबाणीच्या सरावाची सवय आहे. भोंगा झाला की माणसं गाय सोडतात, गॅस बंद करतात, बसमध्ये बसतात, दुसऱ्या गावी जाऊन पोहे खातात आणि संध्याकाळी परत येतात. नागोरावांचा सरावावर इतका विश्वास होता की त्यांनी मुलीच्या लग्नाआधी पाठवणीचाही सराव घेतला होता.

“राऊतसाहेब,” नागोराव म्हणाले, “आपल्याला फसवणुकीचा सराव घ्यायचाय.”

“कोणाची फसवणूक?”

“गावाची. कुंभवलीत गेल्या महिन्यात एका कामगाराने मेसेजमधली लिंक दाबली आणि खातं साफ झालं. पोलीस आले, भाषण देऊन गेले, सगळ्यांनी माना डोलावल्या. फोन वाजला की डोलावलेली मान कुणाला आठवते? म्हणून सराव. अठरा तारखेला, शनिवारी, बरोबर दहाला शिट्टी होईल आणि गावातल्या सगळ्या फोनवर एक खोटा मेसेज जाईल. जो ओळखेल तो शाबूत. जो फसेल तो बाधित. बाराला वाचनालयाच्या अंगणात सभा. बाधितांना वेगळी चटई.”

“कल्पना चांगली आहे,” नरहरी म्हणाले. “मेसेज कोण लिहिणार?”

“तुम्ही. गावात लिहिता येणारा माणूस एकच.”

“पण मला खोटं लिहिता येत नाही.”

“एवढी हजारो पुस्तकं वाचलीत, त्यातली निम्मी तरी खोटी असतीलच की. थोडं उचला.”

नरहरींना नाही म्हणता येत नसे. ते पुतण्याकडे राहत. पुतण्या मितेश तारापूरच्या कारखान्यात पाळीवर असायचा, त्यामुळे घरातलं सगळं पुतणसून जागृती बघायची. तिने एक जुना फोन काढला, त्यात कोणालाच माहीत नसलेल्या नंबरचं नवीन कार्ड घातलं आणि गावातल्या एकशे शहाऐंशी नंबरांची यादी भरून दिली.

“काका, हे बघा,” ती म्हणाली. “ह्या चौकोनात लिहायचं. हा बाण दाबला का सगळ्यांना एकदम जातं. बाकी कशालाच हात लावू नका.”

“आणि चुकलं तर?”

“चुकायला हाय काय त्यात? एक चौकोन, एक बाण.”

चार दिवस नरहरींनी खोटं लिहिण्याचा प्रयत्न केला. ‘तुमचे खाते आज बंद होणार आहे’ असं लिहिलं की त्यांच्या डोळ्यांपुढे छातीत कळ आलेला एखादा खातेदार उभा राहायचा. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं, ‘तुमचे खाते बंद होणार नाही. काळजी नसावी.’

“हे वाचून कोण फसेल?” जागृतीने विचारलं.

“तेच तर बरं आहे.”

“काका! सराव हाय तो. जरा तरी फसवा की.”

अठरा तारखेची सकाळ उजाडली तरी खोटा मेसेज तयार नव्हता. पावणेदहाला नरहरी वाचनालयातल्या खुर्चीत फोन घेऊन बसले. पण त्यांच्या मनात मेसेज नव्हता, तारीख होती. आज शनिवार. तीन वाजता टपालाची पिशवी बोईसरला जाते. आजचं पत्र सोमवारी पालघरला पोहोचेल. सोमवारचं पत्र कधी पोहोचेल ते सांगता येत नाही, आणि बुधवारी सुलूबाई बडोद्याच्या गाडीत असतील. म्हणजे आज लिहिलं नाही तर लिहायचं कारणच उरणार नव्हतं.

त्यांनी फोनकडे पाहिलं. ह्यात एक सोय होती. चुकलं तर कागद फाडावा लागत नव्हता. आधी इथे कच्चं लिहावं, मग कागदावर उतरवावं, असं त्यांनी ठरवलं. त्यांना माहीत असलेला चौकोन एकच होता. त्या चौकोनात त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि काय झालं कोण जाणे, चार महिन्यांत न जमलेलं उत्तर अकरा मिनिटांत उतरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. वाईट नव्हतं. ‘क्षमा’च्या जागी ‘माफी’ बरं दिसेल का, हे पाहायला त्यांनी अंगठा उचलला, आणि पाठीमागे उभ्या असलेल्या नागोरावांनी दहा वाजल्याची शिट्टी फुंकली.

नरहरी खुर्चीत वीतभर उडाले. खाली आले तेव्हा अंगठा बाणावर होता.

शेजारच्या घरात फोन टुंग वाजला. मग त्याच्या शेजारच्या. मग समुद्राच्या बाजूने, मग चिकूच्या वाडीतून, अशी टुंगटुंग गावभर पसरत गेली. एकशे शहाऐंशी फोनवर हा मजकूर पोहोचला होता:

‘तुमचं पत्र मिळालं. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. तुम्ही देऊ केलेली भेट मला हवी आहे. ती न्यायला मी स्वतः येईन. तुम्हाला मी कोण ते आठवत असेलच. आणखी एक गोष्ट विचारायची आहे, ती फोनवर नको, समक्ष. एकवीस तारखेच्या आत कळवा, नंतर फार उशीर होईल. कृपया हे कोणाला सांगू नये.’

“नागोराव,” नरहरी फोन पुढे करत म्हणाले, “एक चूक—”

“गप्प! सराव सुरू झाला. सराव चालू असताना संयोजक बोलत नसतो.” नागोरावांनी स्वतःच्या फोनवर मेसेज वाचला. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या. “राऊतसाहेब! काय लिहिलंय! माझ्याच अंगावर काटा आला. एक क्षण मला वाटलं, मीच कोणाला तरी पत्र लिहिलं होतं की काय.”

उत्तरं यायला लागली. नरहरी एकेक वाचत होते आणि खुर्चीत आणखी आणखी खाली सरकत होते. ‘कोण तू? नाव सांग.’ ‘ये, पण दुपारचा ये, सकाळी हे घरी असतात.’ ‘कसली भेट? मिक्सर असेल तर नको, आमच्याकडे हाय.’ ‘मला माहीत होतं तू लिहिशील. मी अजून तिथंच हाय.’ हे शेवटचं उत्तर गावातल्या एका अतिशय कडक माणसाचं होतं. नरहरींनी ते घाईघाईने वर सरकवलं.

साडेदहाला पारूआजी स्वतःच आल्या. वय चौऱ्याहत्तर, ठेवणीतलं लुगडं, केसात अबोली.

“कोण येतोय रे नरहरी?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही, पारूबाय. सराव आहे तो.”

“सराव असो का काय असो. समक्ष विचारायचं हाय म्हणालाय ना? मग मी बसते हितं.”

त्या बाधितांच्या चटईवर पहिल्या बसल्या.

बारा वाजता अंगण भरलं. झाडाला नागोरावांचा फळा टांगला होता: ‘घाई करतो. भेट देतो. भीती घालतो. गुप्त ठेव म्हणतो. नाव सांगत नाही. तो ठग! लिंक दाबू नका. नंबर सांगू नका. फसलात तर लगेच १९३० ला फोन.’ चटईवर सतरा बाधित बसले होते. आणीबाणीच्या सरावात औषधाच्या गोळ्या वाटतात, म्हणून नागोरावांनी त्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. सभेचा वृत्तान्त लिहायला नेहमीप्रमाणे नरहरींना टेबलाशी बसवलं होतं.

नागोरावांनी कर्णा जोडलेला माईक हातात घेतला. “आता आपण ठगाचा मेसेज तपासू. पहिलं वाक्य. ‘तुमचं पत्र मिळालं.’ कोणी पत्र पाठवलं होतं?”

“नाय!” अंगण ओरडलं.

“म्हणजे पहिल्याच वाक्यात खोटं. लिहा, राऊतसाहेब. ‘क्षमा असावी.’ का? तर गोड बोलून आत शिरायचं.”

“मी तर तितंच वळखलं,” मागून एक बाई म्हणाली. “खरा माणूस कदी माफी मागतो का?”

“‘भेट मला हवी आहे.’ हावरटपणा. ‘मी स्वतः येईन.’ घर बघून ठेवायला. ‘मी कोण ते आठवत असेलच.’ नाव सांगायची हिंमत नाही. ‘एकवीस तारखेच्या आत.’ घाई! ‘कोणाला सांगू नये.’ गुप्तता! मंडळी, फळ्यावरची सगळी लक्षणं एका मेसेजात. इतका नालायक, लबाड, पोचलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. लिहिलंत, राऊतसाहेब?”

“लिहिलं,” नरहरी म्हणाले. त्यांनी खरोखर लिहिलं होतं, ‘नालायक’पर्यंत. नागोरावांचं बोलणं त्यांना हळूहळू पटायलाही लागलं होतं.

तेवढ्यात चटईच्या कडेला बसलेला भगवंत उठला. “नागोराव, माझं कदी?”

भगवंतबद्दल थोडं सांगायला हवं. आणीबाणीच्या प्रत्येक सरावात कोणीतरी खोटा जखमी लागतो. त्याला पट्ट्या बांधतात, स्ट्रेचरवर घालतात, फोटो काढतात. घिवलीत हा मान गेली बावीस वर्षं भगवंतचा होता. चिकूची वाडी सांभाळणारा हा साधा माणूस स्ट्रेचरवर असा काही विव्हळायचा की मागच्या खेपेला बेटेगावच्या एका म्हातारीने त्याच्या बायकोला भेटून सांत्वन केलं होतं. आजही तो डोक्याला पट्टी बांधूनच आला होता.

“तुझं काय कधी?”

“माझं फसणं! मेसेज आला तवा मी वाडीत होतो, मना उशिरा कळला. असं कसं? फसायला मी हाय ना!”

आणि भगवंतचा फोन वाजला.

त्याने नंबर पाहिला. अनोळखी. त्याचा चेहरा उजळला. त्याने स्पीकर लावला आणि फोन माईकसमोर धरला.

“हॅलो, भगवंत सर? मैं बैंक के मुख्य कार्यालय से बोल रहा हूँ. आपका खाता आज शाम को बंद हो जाएगा.”

अंगणातून कौतुकाचा आवाज निघाला. नागोरावांनी नरहरींकडे पाहून मान हलवली. “दुसरा टप्पा! आणि मला पत्ता नाही! हिंदी माणूस कुठून आणलात हो?”

“मी नाही आणला,” नरहरी म्हणाले.

“असंच म्हणायचं असतं. शाबास.”

“बंद हो जाएगा?” भगवंत माईकमध्ये म्हणाला. “अरे देवा! मेला मैं! इतना ठीक है, का और थोडा रडेगा?”

“सर, रोना नहीं है. आपके फोन पे छह अंक का एक नंबर आएगा. वो बस बता दीजिए.”

“बतायेगा ना. उसके लिए तो बैठा है सुबह से. पण स्ट्रेचर कौन भेजेगा?”

“...क्या, सर?”

“स्ट्रेचर. लिटाने का. उचलने को चार आदमी.”

पलीकडच्या माणसाने क्षणभर विचार केला असावा. “सर, सब भेज देंगे. पहले नंबर.”

“भेजते बोला!” भगवंतने अंगणाकडे वळून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फोन टुंग वाजला. भगवंतने डोळे बारीक केले. “च्यायला, चष्मा वाडीत राह्यला. नरहरीभाऊ, तुमी वाचा जरा. मोठ्याने, माईकमध्ये.”

फोन नरहरींच्या हातात आला. कोणतीही छापील गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, ही त्यांची जन्माची सवय. वर सहा आकडे होते. खाली भगवंतच्या बँकेचं नाव होतं. त्याखाली एक रक्कम होती. चिकूच्या दोन हंगामांची, म्हणजे भगवंतची होती नव्हती तेवढी सगळी. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘हा क्रमांक कोणालाही सांगू नका. बँकेलाही नाही.’

“वाचा ना, काका,” कोणीतरी म्हणालं.

“हे खरं आहे,” नरहरी म्हणाले.

“खरंच वाटतंय!” नागोराव म्हणाले. “बँकेच्या नावासकट केलंत!”

“मी केलेलं नाही. हा माणूस खरा ठग आहे.”

“असेल असेल. वाचा आता.”

“सर, नंबर?” फोनमधला माणूस म्हणाला.

“नागोराव, हा सराव नाही!”

“हे बघा,” नागोराव त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, “मेसेज तुम्ही लिहिलात, दुसरा टप्पा तुम्ही आणलात, आता मध्येच कच खाऊ नका. लोक रंगलेत.”

नरहरींनी भगवंतकडे पाहिलं. तो पट्टी नीट करत होता. स्ट्रेचर कुठून येतंय ते बघायला त्याने मान उंच केली होती. नरहरींच्या लक्षात आलं की आपण नुसतं नाही म्हणून भागणार नाही. सकाळचा मेसेज सराव होता असं गाव धरून चाललंय, तोपर्यंत हा फोनही सरावच राहणार. एकच वाट होती आणि ती त्यांच्या शर्टाच्या खिशातून जात होती.

ते उभे राहिले. आयुष्यात ते कधी माईकवर बोलले नव्हते. शाळेच्या निरोप समारंभातसुद्धा त्यांनी भाषण लिहून शिपायाकडे वाचायला दिलं होतं.

“सकाळचा मेसेज खोटा नव्हता,” ते म्हणाले. कर्ण्यातून स्वतःचाच आवाज आला म्हणून ते दचकले, पण थांबले नाहीत. “माझं खरं उत्तर होतं ते. सुलूबाई चुरींना. चुकून तुम्हाला आलं. खोटा मेसेज मी लिहिलाच नाही, मला जमला नाही. हे त्यांचं पत्र.” त्यांनी खिशातून धुतलेलं पत्र काढून वर धरलं. “चार महिने मी उत्तर दिलं नाही. तेव्हा तो लबाड, नालायक वगैरे माणूस मी आहे. पण हा फोनवरचा मी नाही.”

अंगणात कोणी लिमलेटची गोळीसुद्धा चघळेना.

“हॅलो? सर?” फोन म्हणाला.

“थांब रे जरा मेल्या!” पारूआजी फोनवर ओरडल्या. “हितं माणूस मनातलं सांगतोय, दिसत नाय का तुला!”

“जी, होल्ड पे हूँ,” फोन म्हणाला.

नागोराव आधी लाल झाले, मग पांढरे झाले, आणि मग त्यांच्यातला मुकादम जागा झाला. “सरावात खरी घटना घडली,” ते खणखणीत आवाजात म्हणाले, “तर ज्याने पाहिली त्याने ‘हा सराव नाही’ असं तीनदा जाहीर करायचं. नियम आहे. राऊतसाहेब, तुम्ही दोघा-तिघांत एकदाच बोललात. माईकवर. तीनदा.”

नरहरींनी तीनदा जाहीर केलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज समुद्रापर्यंत गेला असं नंतर कोळीवाड्यातल्या बायकांनी सांगितलं. जागृतीने पुढे होऊन फोन काढून घेतला, कट केला, १९३० लावला, तक्रार नोंदवली, आणि भगवंतला घेऊन बँकेच्या खऱ्या नंबरवर बोलून त्याचं खातं तात्पुरतं गोठवलं. भगवंतला रक्कम ऐकून खरोखर घेरी आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो न विव्हळता आडवा झाला, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही.

मग सगळं गाव नरहरींकडे वळलं.

“पण काका,” त्यांच्या हातातलं पत्र घेऊन वाचत जागृती म्हणाली, “सुलूबाईंना ते उत्तर पोचलंच नाय ना मग?”

“नाही.”

“आणि त्या बुधवारी चालल्या?”

“हो.”

“मग आता बसलात काय! नंबर हाय की हा पत्राखाली!” तिने काकांना विचारण्याच्या भानगडीत न पडता सरावाचाच फोन उचलला आणि सकाळचा मजकूर जसाच्या तसा सुलूबाईंच्या नंबरावर पाठवून दिला.

दोन मिनिटांत उत्तर आलं. जागृतीने ते वाचलं आणि तिचा चेहरा पडला. नागोरावांनी फोन घेऊन माईकवर वाचून दाखवलं:

‘अनोळखी नंबर, घाई, भेट, गुप्तता, आणि नाव नाही. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आहे, इतकी भोळी नाही. आणि तुम्ही खरोखरच ते असाल, तर स्वतःच्या हाताने लिहून टपालाने पाठवा. त्यांचं अक्षर मी हजार पुस्तकांच्या कार्डांवर पाहिलं आहे. तुमचा हा नंबर मी ब्लॉक करते आहे. दुसऱ्या कुठल्याही अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचलणार नाही.’

“याला म्हणतात शाबूत!” नागोराव भारावून म्हणाले. “अख्ख्या गावात एक नाही अशी.”

“तसाच जा ना तू पालघरला,” पारूआजी म्हणाल्या.

“न कळवता आलेल्याला दार उघडत नाहीत, पारूबाय.”

“मग लिव की! किती वाजले?”

दोन वाजले होते. पिशवी तीनला जाणार होती. नरहरींनी वृत्तान्ताच्या वहीतलं एक कोरं पान काढलं. पण नागोरावांनी त्यांचा हात धरला.

“थांबा. तुमच्यावर सोडलं तर परत सगळी लक्षणं येतील. हे पत्र तपासून गेलं पाहिजे. समिती नेमू.”

पाच मिनिटांत अकरा जणांची समिती झाली आणि टेबलाभोवती दाटीवाटीने उभी राहिली. पहिला ठराव असा झाला की पत्रात घाई दिसता कामा नये. दुसरा, भेटीचा उल्लेख टाळावा. भीती घालू नये, त्यामुळे नरहरींनी सुचवलेलं वाळवीचंही नको.

“मग लिहायचं काय?” जागृतीने विचारलं.

“वळख पटवायची,” एकजण म्हणाला. “आधारचा नंबर टाका.”

“कोणताच नंबर टाकायचा नाय, फळ्यावर काय लिवलंय?”

“‘एक गोष्ट विचारायची आहे’ ते ठेवा हां,” पारूआजी म्हणाल्या. “तेवढ्यासाठी मी सकाळधरनं बसलेय. काय विचारणार हायस रे?”

“ते नंतर!” नागोराव म्हणाले. “आधी मायना. ‘आदरणीय’ असावं असं माझं मत आहे.”

“आदरणीय? त्या काय सरपंच हायत? ‘प्रिय’ लिहा.”

“प्रिय म्हणजे गोड बोलणं. पहिलंच लक्षण!”

“मग ‘सौ.’?”

“अरे, त्यांचे यजमान जाऊन सात वर्षं झाली!”

“मग ‘स. न. वि. वि.’ घाला आन मोकळे व्हा.”

“समोरासमोर न बोललेल्या माणसाने सव्वीस वर्षांनी ‘स. न. वि. वि.’ घालायचं? लाज वाटत नाय?”

आवाज चढले. मतं पडली पाच विरुद्ध पाच. अकरावा सदस्य भगवंत होता आणि तो अजून आडवा होता, म्हणून त्याला पाणी मारायला दोघं गेले. सगळ्यांची डोकी वहीवर वाकलेली होती, पण वहीसमोरची खुर्ची रिकामी होती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

नरहरी वाचनालयाच्या मागच्या दाराने बाहेर पडले होते. टपालाची खोली चार घरं सोडून होती. पोस्टमन अंकुश पिशवीत पाकिटं मोजून भरत होता. तीन वाजायला सात मिनिटं होती.

“एक पाकीट द्या,” नरहरी म्हणाले. “आणि तुमचं पेन.”

अंकुशने दोन्ही दिलं. वहीतलं ते पान खिडकीच्या कठड्यावर ठेवून नरहरी वाकले. कच्चं लिहायला वेळ नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘सुलूबाई, मंगळवारी सकाळी दहाला येतो. पुस्तकं नेईन, पण त्यासाठी येत नाही. नरहरी राऊत.’ वाचून पाहण्याआधी त्यांनी पाकीट चिकटवलं. वाचलं असतं तर ते गेलं नसतं, एवढं स्वतःबद्दल त्यांना ठाऊक होतं. तिकीट लावलं. पत्ता घाईत लिहिला, तरी अक्षर त्यांचंच राहिलं.

“टाकू?” अंकुशने हात पुढे केला.

“मीच टाकतो,” नरहरी म्हणाले आणि त्यांनी ते पिशवीत टाकलं.

अंकुश पिशवीचं तोंड बांधू लागला. तेवढ्यात वाचनालयाच्या बाजूने कर्णा कडाडला. नागोराव विचारत होते, ‘आदरणीय’ला कोण आणि ‘प्रिय’ला कोण, आणि दोन्ही हात वर करणाऱ्यांचं मत धरलं जाणार नाही. अंकुशने गाठ मारायची थांबवून नरहरींकडे पाहिलं. नरहरींनी मान हलवली, तशी त्याने गाठ करकचून आवळली, पिशवी सायकलला लावली आणि तो बोईसरच्या वाटेला लागला.